गिलाव्याचं पाणी

तिने बादली उंच धरून भिंतीवर पाणी फेकलं. ओला गिलावा गडद होत गेला.

या खोलीत पूर्वी होडी ठेवायचे. नवरा गेल्यावर दिराने तिला मुलीसह मोठ्या घरातून इथे आणून ठेवलं, चार दिवसांसाठी म्हणून. त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली. मुलगी इथूनच सासरी गेली. आता सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दिराला समुद्राकाठी घर हवं होतं. तिची रवानगी मोठ्या घराच्या कोठीत झाली.

गवंड्याने पहिल्याच दिवशी तिची चूल फोडली. फोडता फोडता त्याने सहज विचारलं, इथे आधी काय होतं?

"काही नाही हो, अडगळ," दीर म्हणाला.

ती दारातच उभी होती. गवंड्याने काजळी धरलेल्या भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पहार पुन्हा उचलली.

गिलावा झाल्यावर पाणी मारायचं काम दिराने तिच्यावर सोपवलं. वहिनींना तसाही दिवसभर काय उद्योग असतो, म्हणाला. गवंड्याने तिला दोनदा बजावलं : पाणी विहिरीचंच हवं. खारं मारलंत तर मीठ भिंतीत मुरेल, वर्षभरात रंगाचे पापुद्रे सुटतील, कोणी राहायला धजणार नाही आणि नाव माझं खराब होईल.

तिने मान डोलावली. विहीर मोठ्या घरामागे होती, समुद्र चाळीस पावलांवर. ती रोज पहाटे, घर उठायच्या आत, वीस बादल्या आणायची. अंधार पडल्यावर आणखी वीस. वहिनी किती हौसेने राबतात, असं दीर शेजाऱ्यांना सांगायचा.

आठव्या दिवशी दीर गवंड्याला घेऊन आला. सोमवारी रंगारी बोलवायचा होता. गवंड्याने भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

तिने हात पदराला पुसले. कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

"का हो, काही बिघडलंय का?" दिराने विचारलं.

चूल होती त्या कोपऱ्यात आता गुळगुळीत गिलावा होता. तिथे गवंड्याने तळवा टेकवला.

"नाही. भिंत चांगलं पाणी पितेय. वरच्या अंगाला मात्र कमी पडतंय," तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. "शिडी ठेवून जातो, ताई."