पाटावरचा बीएमआय

ही गोष्ट २०१७ सालची. चारोटी नाक्याजवळ, बंद पडलेल्या ढाब्यात जीवनमहाराज लोकांचा बीएमआय उतरवीत असे. होय, बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. आमच्या लहानपणी बुवा भूत उतरवायचे. त्यासाठी निदान घुमायला अंगात दम लागायचा. याला कॅल्क्युलेटर पुरे होता.

दर मंगळवारी रांग लागे. पहिल्या खेपेला भिंतीवरच्या पट्टीला टेकवून उंची, मग काट्यावर वजन. महाराज डोळे मिटून आकडा सांगे. "पापाचं ओझं आहे. महिनाभर एकवेळ जेवा, माझा काढा घ्या. आकडा जितका खाली, तितका देह शुद्ध." महिन्याने तोच माणूस आला की त्याला त्याच पट्टीखाली रांगोळीतल्या पाटावर उभं करून ओवाळायचं, तिथेच उंची घ्यायची. आकडा उतरलेला. टाळ्या.

डहाणूत माझ्या शेजारी राहणाऱ्या दक्षाबेनचा आकडा असाच उतरला. ब्लाउज मात्र तितकाच घट्ट. मी तसं म्हणताच त्या म्हणाल्या, "माई, चरबी नाय, कर्म उतरलं. तुमाला नाय समजणार."

त्यांनी आमच्या दोन्ही घरची धुणीभांडी करणाऱ्या बायजीलाही तिथे नेलं. ती तलासरीच्या डोंगरपट्टीतली, बांध्याने सडपातळ, पदरात अंगावर पिणारी मुलगी. मुलगी सारखी रडे. "आईचा आकडा अठराखाली आला की दूध अमृत होईल," महाराज म्हणाला. बायजीने भाकरी सोडली. काही आठवड्यांनी ती माझ्या मोरीत घेरी येऊन पडली.

"आजी, दूद आटलं," ती म्हणाली. "पोरीला काय पाजू?"

माझी भाची निलम डॉक्टर. दक्षाबेनच्या घट्ट ब्लाउजचंही मी तिला सांगितलं. तिने बायजीला तपासलं, मुलीच्या दुधाची सोय केली आणि मंगळवारी आम्हाला घेऊन चारोटी गाठली. दक्षाबेन अनुभव सांगायला पाटावर उभ्याच होत्या.

"दक्षाबेन, आज उंची किती?" निलमने विचारलं.

"एकशे सत्तावन."

"पहिल्या वेळी?"

"दीडशे बोलले होते."

"आणि वजन?"

"तेवा पण चौऱ्याहत्तर, आज पण."

"म्हणजे पन्नाशीनंतर तुम्ही चार बोटं वाढलात?"

महाराज मध्ये पडला. "शुद्ध देह ताठ होतो, बाई."

"मग पाट काढा. जमिनीवर ताठ होऊ दे."

दक्षाबेन उतरल्या. उंची दीडशे, आकडा पुन्हा जुनाच. रांगेतला रिक्षावाला काळ्या म्हणाला, "म्हंजे पाटाला पाय होते, म्हणून आमचं कर्म कमी झालं."

निलमने लोकांना समजावलं. वजन किलोत घ्या, मीटरमधल्या उंचीने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीने भागा. उंची फुगवली की आकडा पडतो. मोठ्या माणसाचा आकडा साडेअठराच्या खाली असेल तर ती शुद्धी नव्हे, शरीराची उपासमार असू शकते. तेवीसच्या वर गेला तर आपल्याकडच्या लोकांनी साखर, रक्तदाब तपासून घ्यावा. आकडा नुसता इशारा देतो. निदान डॉक्टर करतो.

मला मात्र एवढंच दिसत होतं: दक्षाबेनचा आकडा खोटा उतरला म्हणून त्या धडधाकट राहिल्या. बायजीचा खरा उतरला.

जीवनमहाराज पट्टी उखडून वापीकडे पळाला. पाट काळ्याने नेला. त्यावर बसून तो पोटभर जेवतो. दक्षाबेन रोज पहाटे डहाणूच्या किनाऱ्यावर चालतात, कर्माचं नाव काढत नाहीत. बायजी पोटभर खाऊ लागली, दूध परत आलं. तिची मुलगी आता शाळेत जाते. निलम आली की तिची उंची घेते. जमिनीवर उभं करून.