राखणदाराचा प्रसाद

"घे रे सहदेव, जिभेक लाव," म्हणत सीतारामकाकांनी करवंटी पुढे केली.

घाटकोपरच्या डोंगरावर, चाळीमागच्या पिंपळाखाली देवाला घालायचं वर्षाचं गाऱ्हाणं नुकतंच आटोपलं होतं. गावच्या रिवाजाप्रमाणे वस्ती राखणाऱ्या राखणदाराला कोंबडा आणि गावठी दारू दाखवली, की उरलेलं प्रत्येकानं प्रसाद म्हणून घ्यायचं. त्या वासानं सहदेवच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

संपात गिरणी गेली तेव्हापासून चार वर्षं त्यानं पिण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. जानकीला मारझोड करण्यापर्यंत मजल गेली. त्याला गटारातून उचललं ते याच सीतारामकाकांनी. पखवाजावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, भजनात पखवाज वाजवायला बसवलं, अभंग वाचता यावेत म्हणून नलिनीबाईंच्या साक्षरता वर्गात नेलं. चाळीशीचा बाप्या ग म भ न गिरवू लागला. शपथेला अकरा महिने झाले. सहदेव सुधारला, असं चाळ म्हणायची. रोज संध्याकाळी जीव कसा ओढ घेतो, ते तो एकटाच जाणे.

"काकानू, शपथ तुमीच घातलास ना?"

"ती दारूची. ह्यो देवाचो प्रसाद." काकांना खरोखरच तसं वाटत होतं. म्हाताऱ्याच्या मनात पाप नव्हतं, हेच वाईट.

"एक थेंब पोटात गेलो तर मी परत थांबूचंय नाय," म्हणत सहदेवनं करवंटी मुळाशी ठेवली.

आठ दिवसांत चाळीतल्या नंदूचं तान्हं तापानं फणफणलं आणि प्रसाद नाकारला म्हणून देव कोपला, असं खापर सहदेववर फुटलं. शनिवारी भजनाचं बोलावणं आलं नाही. काका दारावरून मान खाली घालून गेले.

दिवेलागणीला पखवाज घुमू लागला. दुसराच कुणी वाजवत होता. सहदेव उठला, बसला, पुन्हा उठला. गुत्ता चार पायऱ्यांखाली होता.

"जानकी, भायरसून कडी लाव. मी कितीव सांगलंय तरी काढू नको."

तिनं कडी लावली आणि पायरीवर तांदूळ निवडायला बसली. थोड्या वेळानं आतून दारावर थाप पडली. मग दुसरी.

भजनाला उशिरा निघालेली शेजारीण शकु थबकली. "सहदेव खंय गो?"

"आसा घरात. अभ्यास करता," जानकी म्हणाली आणि हादरणाऱ्या दाराला पाठ लावून बसली.