कुलूप, ऑल राइट

महेंद्र रेल्वेत मालगाडीचा ड्रायव्हर. दौंडच्या रेल्वे कॉलनीत त्याचं क्वार्टर, आणि इंजिनातली सवय घरी आल्यावरही सुटायची नाही. इंजिनात दोघं असतात. एकानं सिग्नल मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, म्हणजे चूक राहत नाही. सगळं ठीक असलं की 'ऑल राइट'. नवं लग्न झालं तेव्हा एकदा घराबाहेर पडताना भाग्यश्रीनं विचारलं, कुलूप लागलं ना? यानं छाती काढून ठोकून दिलं, "कुलूप, ऑल राइट!" ती खळखळून हसली. बायकोला हसवायचा एवढा सोपा उपाय सापडल्यावर कोण सोडतो? तो रोज म्हणू लागला.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. हे आलं मुंगीच्या पावलानं. आधी कुलूप, मग गॅस, मग नळ. तिनं विचारायचं, यानं म्हणायचं. एकदा म्हणून भागेना, तेव्हा पुन्हा. आवाज नीट लागला नाही तर पहिल्यापासून. पुढं पुढं तर ड्यूटी संपवून कुठल्या कुठं ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये पडल्या पडल्या तो फोनवर ऑल राइट म्हणायचा. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. त्यालाही तसंच वाटायचं, हेच तर वाईट झालं. तिचं बाहेर जाणं मात्र तुटत गेलं. आईकडं न्हावऱ्याला जाणंसुद्धा.

शेवटी कुणीतरी शिरूरच्या राजश्री मॅडमचं नाव सांगितलं. मनाच्या आजारांवर उपचार करायच्या त्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि भाग्यश्रीऐवजी यालाच धरलं. या दुखण्याला ओसीडी म्हणतात, म्हणाल्या. शंका यांना येते, पण त्या शंकेला खाऊपिऊ घालता तुम्ही. तुमच्या ऑल राइटनं घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी माजते. आता कुलूप एकदाच लावायचं, ओढून बघायचं नाही, विचारायचं नाही. विचारलंच तर तुम्ही म्हणायचं, माहीत नाही. जीव घाबरा होईल, होऊ द्या. घाबरेपणा चढतो तसा आपला आपण उतरतोही.

महेंद्रला हा उपाय कसायाचा वाटला. पण गुण येत होता. आधी नळ सुटला, मग गॅस. कुलपापाशी भाग्यश्री घामाघूम व्हायची, तरी पाऊल पुढं टाकायची. शिरूरहून परतताना दोघं न्हावऱ्याला थांबायची. तिची आई आक्काबाई चहा करायची, आणि निघताना मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहायची.

मग एका सकाळी भाग्यश्रीच्या भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, तुझं नाव घेतीय, लगेच निघ. भाग्यश्रीनं कुलूप लावलं, एकदाच, आणि मोटारसायकलवर बसली. ती थरथरत होती, ते महेंद्रला पाठीला कळत होतं. पाटसच्या अलीकडं तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लागलं ना वो?"

'माहीत नाही' म्हणायचं, हे त्याला तोंडपाठ होतं. पण त्याला तिची दया आली. आज तरी हा छळ नको, एवढं एक म्हटलं की बिचारी निवांत आईपाशी पोचेल, असं त्याला वाटलं.

"कुलूप, ऑल राइट," तो म्हणाला.

तिचं थरथरणं थांबलं. पाटस मागं पडलं. मग तिनं पुन्हा विचारलं. यानं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. चौफुल्याला तिनं गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"तुमचा आवाज तसा न्हाई आला," ती रडत म्हणाली. "मागं चला."

त्यानं विनवण्या केल्या, आईची आण घातली, रागावूनही पाहिलं. शेवटी गाडी दौंडकडं वळवली. कुलूप लागलेलंच होतं. ते न्हावऱ्याला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि आक्काबाईचा चेहरा झाकलेला होता.

भाग्यश्रीनं शिरूरला मॅडमकडं जाणं सोडलं नाही. रडत रडत जात राहिली. वर्षानं आईच्या स्मृतिदिनाला निघताना तिनं कुलूप लावलं आणि वाटेत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, तेव्हा ती महेंद्रपाशी दारात आली.

"त्या दिवशी तुम्ही बोलला नसता, तर आय भेटली असती का?"

महेंद्रनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिनंच हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. सांगू नका. कळलं न्हाई तरी ऱ्हाता येतंय मला आता."

ती आत वाढायला गेली. म्हातारी जिथं उभी राहायची तिथं तो उभा राहिला. आपल्यालाही कुणीतरी ऑल राइट म्हणावं, असं त्याला फार वाटलं. खोटं का होईना, एकदाच. पण म्हणू शकणारी एकच होती, ती आत वाढत होती, आणि तिला विचारायची त्याची छाती झाली नाही.