कच्च्या सुरईचं कौतुक

मी सुरई बोलतेय. जरा लांबूनच ऐका, हात लावू नका. आता लावलात तरी फारसं बिघडणार नाही म्हणा, पण सवय झालीये. आयुष्याचा बराच काळ मी 'हात लावू नका' या पाटीमागे काढलाय.

माझा जन्म उस्तादांच्या चाकावर झाला. उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे, पण सगळे त्यांना तसंच म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांचं काम बघायला माणसं लांबून यायची आणि भिंतीलगतच्या बाकावर दाटीवाटीने बसायची. चाकावर गोळा थापला की उस्ताद कोपरं मांड्यांना टेकवून तो असा मध्यावर आणायचे, की चाक फिरतंय का थांबलंय तेच कळू नये. मग अंगठा आत जायचा आणि ओली भिंत बोटांमधून वर चढायची. "पोट कुणीही फुगवतं," ते म्हणायचे, "सुरईचा कस गळ्यात." माझा गळा त्यांनी दोन्ही हातांनी आवळत आवळत इतका बारीक आणि उंच नेला, की बाकावरची मंडळी श्वास घ्यायची विसरली. आवळल्यामुळे वाढलेला गळा जगात बहुधा माझाच असेल. शेवटी त्यांनी बुडाखालून तार ओढली, मला फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "जमली बुवा." एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या लेकीच्या लग्नातही कुणाचं केलं नव्हतं म्हणे.

नक्षीचं काम काकूंचं. काकू म्हणजे उस्तादांच्या पत्नी. लोक उस्तादांच्या नक्षीची तारीफ करायचे, उस्ताद ती मान झुकवून स्वीकारायचे, आणि काकू तेवढ्यात आतून चहा आणायच्या. यात लपवाछपवी काही नव्हती. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही, इतकंच.

मी थोडी सुकल्यावर काकूंनी मला पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिला आणि एका लहान चकतीवर बसवलं. डाव्या हाताने चकती फिरवायची, उजव्या हातात कुंचला. आधी आखून घेणं वगैरे नाही. वेल बुडापासून निघाली, पोटाला वळसा घालताना तिला पानं फुटली, आणि गळ्याशी पोचेपर्यंत एकच पान उरलं, तेही अर्धं वळलेलं. प्रत्येक पानाला एक फटकारा दाट, एक विरळ. एरवी कागदावर सही करताना अडखळणारा काकूंचा हात तो हाच का, असं मला वाटून गेलं.

रंग होता निळा. पण हा निळा मोठा आतल्या गाठीचा. कच्चा असताना राखेसारखा दिसतो. वरून काचेची झिलई चढली आणि भट्टीत नीट तापला, की मगच खरं रूप दाखवतो. तेव्हा मी अंगावर राखाडी वेल घेऊन फळीवर वाळत बसले आणि भट्टीची वाट बघू लागले.

त्याच सुमाराला उस्तादांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, हा आता सोबतच राहणार. वाडगे, ताटल्या जमत होत्या, पण गळा चढवायला घेतला की भिंत लचकायची आणि सगळं चाकावर बसायचं. बाकावरची माणसं हळूहळू यायची थांबली. मग उस्तादांनी मला बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलं, वर दिवा लावला आणि समोर ती पाटी. मी भट्टीत जायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गंमत बघा. मी पाण्याची सुरई, आणि मला पाण्याचंच वावडं. कच्ची माती ती. पेलाभर पाणी ओतलं असतं तर तासाभरात माझा चिखल झाला असता. पण लोक भाळायचे. कलेवर लिहिणारे एक चष्मेवाले गृहस्थ तर दर महिन्याला यायचे.

"काय संयम आहे," ते मान तिरकी करून म्हणायचे. "हा राखाडी म्हणजे उस्तादांच्या परिपक्वतेचा रंग."

उस्ताद घसा खाकरायचे. दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काकू विचारायच्या, "साखर किती घालू?"

खोटं कशाला बोलू, मला ते कौतुक आवडायचं. अर्धवट असण्याला एवढा मान मिळत असेल, तर पुरं व्हायची घाई कुणाला असते?

घाई होती काकूंना. एकदा कपाटाची काच पुसता पुसता त्या म्हणाल्या, "अहो, या खेपेला हिला भट्टीत घालू या."

"आणि तडकली म्हणजे? मला पुन्हा असा गळा चढवता येणार आहे का? तुझं काय जातंय बोलायला."

काकूंचा फडका थांबला. "सुरई तुमची, पण वेल माझी आहे. तुम्ही तुमचं काम रोज बघता. मी माझं अजून बघितलेलं नाही."

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. मला पहिल्यांदाच त्या दिव्याची लाज वाटली.

मग चष्मेवाले आले, ते मोठी बातमी घेऊन. संग्रहालयाला मी हवी होते, आहे तशी, कायमची. उस्तादांचा चेहरा उजळला. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि भाजून दिली तर?"

"छे, छे. रंग बदलेल की. हाच तर तुमचा खरा रंग."

उस्तादांनी दाराकडे पाहिलं. दारात ट्रे होता, पण साखरेचं कुणी विचारलं नाही.

"रंग माझा नाही," उस्ताद म्हणाले. "तिचा आहे. आणि तो राखाडीसुद्धा नाही."

कपाटातून मला त्यांनीच काढलं, त्याच कापऱ्या हातांनी. काकूंनी माझ्यावर झिलई इतक्या झटपट ओतली, की सुकी माती भिजून विरायच्या आत काम झालं. मी मनातून गयावया करत होते. अंगाला आग म्हणजे काय, ते पाटीमागे बसून कळत नाही.

भट्टी निवल्यावर दोघं एकदमच वाकले. उस्तादांना आधी चीर दिसली, ओठापासून खांद्यापर्यंत गेलेली. त्यांनी डोळे मिटले. काकूंना चीर दिसलीच नाही. त्या वेलीवरून बोट फिरवत होत्या, बुडापासून वर, एकेक पान, दाट निळं, विरळ निळं. बोट पुन्हा बुडाशी येऊन वर निघालं, तेव्हा उस्तादांनी डोळे उघडले आणि त्यांच्या बोटामागोमाग तेही बघू लागले.

"मी नुसता गळाच बघत बसलो होतो गं," ते म्हणाले. काकूंना रडू आलं. मलाही आलं असतं, पण आता मी पक्की होते.

चष्मेवाले त्यानंतर एकदाच आले. हळहळून म्हणाले, आधीचीच बरी होती.

सध्या माझा मुक्काम जेवणाच्या टेबलावर आहे. मला खांद्यापर्यंतच भरतात. पाणी वाढायचं काम उस्तादांनी स्वतःकडे घेतलंय. थोडं सांडतं. उस्ताद म्हणतात, चिरेमुळे. काकू म्हणतात, हातामुळे. कुणाचं खरं ते मला ठाऊक आहे, पण मी बोलत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी या घरी जेवायला बसलात आणि ते तुमचा पेला भरायला उठले, तर 'राहू द्या, मी घेतो' असं म्हणू नका. टेबल ओलं होईल. होऊ द्या.