नवतप्यातला सांबार

तुम्ही पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणता, आम्ही सांबार म्हणतो. पावसाळ्यात तो कोणीही उगवून दाखवते, त्यात काय मर्दुमकी? मे महिन्याच्या शेवटी, नवतप्याच्या नऊ दिवसांत, जवा कावळाही चोच उघडी टाकून बसते, तवा अख्ख्या हिंगणीत हिरवा सांबार फक्त माह्या वाडीत राहे. लग्नघरचे लोक सायकली घेऊन मनकर्णाबाईची वाडी विचारत येत. फुशारकी म्हणा पाह्यजे तर. होतीच मले.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. माह्या हरिदासची बायको कोकिळा, रोहणा गावची पोरगी. लग्नाले तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नाई. पण कामाले वाघीण, अन् तेच मले खुपे. सून आळशी असली तर दोन शब्द बोलता येते. कामाची निंघाली तर सासूनं तोंडाचं काय करावं, सांगा.

आमची मोट मोडून विहिरीवर नवी बिजलीची मोटर बसली होती, तिले वर्षही झालं नव्हतं. बिजलीची लाइन येत राहे भरदुपारी बाराले. विहिरीपासून वाफ्यापर्यंत लोखंडी पाइप, टोकाले रबराची नळी, सारं उन्हात उघडं पडलेलं. कोकिळा मोटर सुरू करे अन् पाइपाचं तोंड पहिले बांधाकडे फिरवे. बरंच पाणी वाहून गेलं का मंग वाफ्यात सोडे. इकडे विहिरीचा तळ दिसून राह्यला अन् ही महाराणी बांधाले पाणी पाजते! एक दिवस माह्यं डोकं सणकलं. नळी तिच्या हातातून हिसकली अन् सरळ वाफ्यात धरली.

ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, पहिलं पाणी कढत राह्यते. रोपं उकडून जातीन. आमच्या घरी असंच झालतं."

मी म्हटलं, चाळीस वर्षं वाडी केली मी, आता तुह्या बापाच्या घरून शिकून येऊ का? चाळीस वर्षं मोटेचं पाणी देल्लं होतं. मोटेचं पाणी थंडगार. पाइपाची अक्कल मले कुठून असणार? पण इतका इचार तवा कोणं करावं. तिले बाजूले सारलं अन् तीन दिवस पाणी मीच सोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी पुढच्या वाफ्यातल्या साऱ्या सांबारानं मान टाकली. ढेमशाचे वेल काळे पडले. शेजारची रुख्माबाई आली, तोंडाले पदर लावून म्हणे, विटाळाची सावली पडली का काय वाडीवर? झालं, मले एवढंच पाह्यजे होतं. कोकिळा त्याच सकाळी बाहेर बसली होती. मी म्हटलं, ही कालच बसाची होती, हिनं लपवलं अन् वाफ्यात शिरली. आमच्याकडे पोट्ट्यालेही ठाऊक असते का विटाळशी बाई वाडीत गेली का वेल सुकते.

ती रडली. नवऱ्याची शपथ घेतली. मी म्हटलं, वांझोटीच्या शपथीले कोण इचारते? हो, असंच म्हटलं. हरिदास भिताडाले टेकून उभा होता; माहेरी नेऊन सोड म्हटलं तसा चपला घालाले गेला. पोरगा आईच्या शब्दाबाहेर नाई, याचा मले तवा लय अभिमान होता. विटाळ फिटाची वाटही नाई पाह्यली. त्याच दुपारी, त्याच उन्हात, त्यानं तिले बसनं रोहण्याले नेऊन सोडलं. निंघताना तिनं वाडीकडे मान वळवली, तर मी म्हटलं, पाहू नको, उरलं तेही जाईन.

अन् उरलं ते जाऊनच राह्यलं होतं. घरात विटाळ नाई, सून नाई, तरी दुसऱ्या रांगेचा सांबार गेला. मी नवस बोलली, लिंबू उतरवला. एक दिवस घामानं जीव कासावीस झाला म्हणून मोटर सुरू झाल्याबरोबर तोंड धुवाले पाइपाखाली हात धरला. बाप्पा, चुलीवरच्या आंधणात हात घातला जसा! तळहातावर फोड आले. सारं समजलं मले. अन् खोटं कशाले सांगू, पहिले मी हेच पाह्यलं का कोणी पाहून तर नाई राह्यलं.

मंग मीही पहिलं पाणी बांधाले सोडू लागली. उरलेल्या वेलांनी मान उचलली. तुराट्यांचा मांडव घालून सांबार पुन्हा पेरला, तो दाट उगवला. मिरग लागला होता, पण पावसाचा थेंब नव्हता.

तवा कोकिळेचा बाप आला, पुंडलिकराव. भर उन्हात बसस्टँडपासून पायी. पाणी देल्लं ते घेतलं नाई. टोपी काढून माह्या पायाजवळ ठेवली.

"इहीनबाई, पोरीचं चुकलं असंन. पदरात घ्या तिले."

चुकलं का नाई, हे पोरीले इचारलं तरी होतं का त्यानं, देव जाणे. हरिदास दारात उभा राहून माह्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. मी हो म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळच्या बसनं गेला असता तो. शब्द जिभेवर आलाही होता. पण सून खरी अन् सासू खोटी असं एकदा चारचौघात कबूल केलं, का उद्या या घरात माह्यं कोण ऐकन?

पुंडलिकराव वाडीकडे पाहून राह्यला होता. त्याचं तोंड उजळलं.

"वाडी तर हिरवीगार दिसते. नुसकान भरून निंघालं म्हणाचं. मंग आणून सोडू का पोरीले?"

फोडाचे डाग पडलेला हात मी पदराखाली घेतला.

"ती गेली म्हणूनच हिरवी झाली, पाव्हणे."

त्यानं पुन्हा एकदा वाडीकडे पाह्यलं. सांबार दाट होता, ढेमशाले फुलं होती. डोळ्यानं दिसून राह्यलं ते बिचाऱ्यानं नाई कसं म्हणावं? बापालेही पटलं ते. त्यानं टोपी उचलली, धूळ झटकली अन् मलेच हात जोडले.

"आमच्या पोरीपाई तुमच्या घराले लय तरास झाला," म्हणाला. "माफी करा."