मनकर्णाबाई, कूलर बंद करा

मी वलगावच्या उकिरड्यातला जीवाणू बोलून राहिलो. नाक कायले दाबता? वास माहा नाई, तुमी टाकलेल्या शिळ्या वरणाचा हाये.

माहा जन्म मनकर्णाबाईच्या गोठ्यामागं झाला. वरून शेणकाडी, आतून नुसती भट्टी. हात घातला तर चटका बसन, तेच आमचं माहेर. मे महिन्यात तुमी डोक्याले ओला दुपट्टा गुंडाळून "मेलो रे बापा" करता, तवा आमाले हिव वाजते. साठ डिग्रीच्या वर गेलं की आमचं अंग मोकळं होते अन् भूक खवळते. मंग काडी, कुटार, पऱ्हाटी, जे भेटन ते खातो.

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर वावरात उभं राहते ते वाळकं झाड. ढोरं तिले तोंड लावत नाईत. मनकर्णाबाईचे मालक धर्मपालभाऊ दरसाल तिले काडी लावतात अन् धूर पाहत बसतात. आमी मात्र तिच्यावर असा रस सोडतो, की तिची साखर होते. त्या साखरेपासून गाड्यायचं इंधन बनते म्हणे. मले गाडीतलं काई समजत नाई, मी आपल्या जेवणापुरतं बोलतो.

यायची पोरगी दीक्षा अमरावतीले कॉलेजात आमच्यावरच संशोधन करते. पऱ्हाटी पचवणारा जीवाणू तिनं कुठं कुठं नाई धुंडाळला! शेवटी हात घातला तो घरच्याच उकिरड्यात. काखेत कळसा अन् गावाले वळसा. मले काचेच्या बाटलीत ठेवलं, गरम पेटीत निजवलं, कुटलेली पऱ्हाटी चारली. घरजावयाचे बी असे लाड होत नसतीन.

मंग मे उजाडला. अकोल्याले साहेबलोकायपुढं तिले दाखवाचं होतं, की पऱ्हाटीची साखर खरंच होते. दाखवलं तर काम पुढं चालन, नाई तर पेटी बंद अन् मी मोरीत. नेमकी आदल्या दिवशी कॉलेजातली लाईन गेली. पेटी थंडी पडन म्हणून दीक्षानं मले कुटलेल्या पऱ्हाटीसकट गरम थर्मासात भरलं अन् वलगावले घरी आणलं. "आई, याले हात लावू नको," सांगून ती आंघोळीले गेली.

हात लावू नको म्हटल्यावर कोण थांबते? मनकर्णाबाईनं झाकण उघडलं अन् तोंडावर वाफ आली.

"अवो माय! एवढ्या उन्हात लेकरू उकडून राहिलं!"

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याले आधी कूलरपुढं बसवतात, नावगाव मंग इचारतात. बाईनं मले स्टीलच्या डब्यात ओतलं, झाकण लावलं, डब्याले ओलं फडकं गुंडाळलं अन् कूलरपुढच्या स्टुलावर ठेवलं. रातभर वाऱ्याचा मारा. एवढा पाहुणचार दुश्मनाचा बी कोणी करू नये. आमी एकमेकाले चिकटलो अन् निजलो.

सकाळी दीक्षानं थर्मास उचलला.

"आई, हा हलका काहून लागून राहिला?"

"तुह्या किड्यायले गरमत होतं. कूलरपुढं ठेवले म्या. पाह्य, कसे शांत निजले."

दीक्षानं डब्याले हात लावून पाहिला, तो गारेगार. "मेलं वो आई, सारं मेलं," म्हणून रडाले लागली. मनकर्णाबाईच्या हातातली चाय तशीच थंडी झाली. मले लय वाईट वाटलं. नुसता निजलो हावो, हे सांगाले तोंड कुठं होतं?

"माह्यानं बिघडलं, मी येतो संगं. साहेबायची माफी मागतो," मनकर्णाबाई म्हणे, अन् डबा घेऊन निघाली.

अकोल्याच्या एसटीत जागा भेटली ती थेट ड्रायव्हरजवळ, इंजिनाच्या झाकणापाशी. रामराव ड्रायव्हर खेकसला, "बाई, त्याच्यावर डबा ठेवू नका, भाजते ते."

दीक्षानं डोळे पुसले. "किती भाजते, काका?"

"पोळी शेकून घ्या!"

पोरीनं आईकडं पाहिलं, आईनं पोरीकडं. "आई, नुसते निजले असले तर उठतीन बी!" दोघींनी डबा झाकणावर ठेवला अन् पदर-ओढणीनं धरून बसल्या. बाकीची एसटी हाय हाय करत होती. मूर्तिजापूर आलं अन् मले जाग आली. काय सांगू, माहेरी आल्यासारखं वाटलं! डब्यातल्या पऱ्हाटीवर तुटून पडलो.

अकोल्यात साहेबायनं नाकाले रुमाल लावला. दीक्षानं डब्यातला रस काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात टाकून तापवला. साखर असली तर ते पाणी विटकरी होते. मनकर्णाबाईनं डोळे गच्च मिटले. उघडले तवा नळीत भाजलेल्या विटेचा रंग होता, अन् पोरगी तिच्या गळ्यात पडून हसत होती.

आता मी पेटीत मजेत हावो. तुमाले एकच सांगणं, पऱ्हाटी जाळू नका. माह्या तोंडचा घास हाये तो, अन् धूर तुमच्याच नाकात जाते.

परवा लाईन गेली, तवा दीक्षानं मले पुन्हा वलगावले आणलं. मनकर्णाबाईनं आल्या आल्या कूलर बंद केला अन् थर्मासवर गोधडी टाकली. धर्मपालभाऊ घामाघूम.

"अवो, मंग मी कुठं बसू?"

"उकिरड्यावर," मनकर्णाबाई म्हणे, अन् गोधडीचं टोक माह्याखाली खोचलं.