पाठमोरी सीट

वर्षालीनं सीटवरची चामडी बॅग उचलायला हात घातला, तेवढ्यात कुलदीप गावंडेनं बॅगेवर आपला तळवा ठेवला.

"तिथं नोको, मॅडम. समोर बसा. बोलाले बरं पडते."

ती समोर बसली. दार आपोआप सरकत येऊन बंद झालं आणि राजापेठेतले हॉर्न, ट्यूशनच्या पोरांचा कलकलाट, फळगाड्यांवरची ओरड सगळं बाहेरच राहिलं. आत फक्त एसीचा आवाज आणि मोगऱ्याचा उग्र वास. काचेपलीकडे हुसेननं गाडी सुरू केली, आणि मागच्या काचेतून वर्षालीच्या डोळ्यांसमोर रस्ता मागं मागं पळायला लागला.

गाडी एप्रिलमध्ये बनून आली होती. प्रवासी व्हॅनच्या सगळ्या सीटा काढून कुलदीपनं आत चार चामडी खुर्च्या बसवून घेतल्या होत्या, मधे घडीचं टेबल, भिंतीत टीव्हीचा पडदा, कोपऱ्यात बारका फ्रिज आणि त्याहून बारका प्रिंटर. भेटेल त्याला तो सांगायचा, हे माझं चालतंफिरतं ऑफिस. दोन खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे होती. त्यातल्या एकीवर तो बसे आणि दुसरीवर त्याची बॅग बसे. उरलेल्या दोन ड्रायव्हरकडे पाठ करून होत्या. त्या नोकरांसाठी.

त्याच्या बियाणं कंपनीत ज्याला काढायचं किंवा वाकवायचं असेल, त्याला कुलदीप आता केबिनमध्ये बोलावत नसे. "चाला माझ्यासंगं अकोल्याले," एवढंच म्हणे. केबिनमधून माणूस उठून जाऊ शकतो, दार आपटू शकतो, चार माणसं गोळा करू शकतो. गाडीतून कुठं जाणार? पाठमोरं बसवायचं, एसी वाढवायचा आणि बारीक अक्षरातला कागद वाचायला द्यायचा. बडनेरा सुटलं की तोंडात मळमळीचं पाणी यायचं, लोणीपर्यंत कपाळ ओलं व्हायचं, आणि त्यापुढं माणूस कशालाही हो म्हणायचा, गाडी थांबावी म्हणून. कंपनीच्या म्हाताऱ्या अकाउंटंटनं असाच स्वतःच्या बदलीचा अर्ज लिहून दिला होता. कुलदीप याला डोकं म्हणायचा. माणसाला ओकायची पाळी आणून त्याचा होकार घेणं याला डोकं म्हणत असतील, तर त्याच्याकडे ते भरपूर होतं.

ही सीट कंपनीत सगळ्यांना माहीत होती. वर्षाली घरून गाडी न लागायची गोळी घेऊनच निघाली होती.

बडनेऱ्याचा पूल ओलांडला तसा कुलदीपनं टेबलावरून कागद सरकवला.

"वाचा."

तिनं वाचला. सोयाबीनचं बियाणं शेतात उगवलं नाही, त्याला गुणवत्ता तपासणीतला माझा हलगर्जीपणा कारणीभूत आहे, कंपनीचा यात दोष नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं आणि खाली तिचं नाव छापलेलं होतं. दुपारी अकोल्याला कृषी खात्यापुढे सुनावणी होती. तिथं कंपनीला कोणाचं तरी नाव द्यायचं होतं. या कागदावर सही केली तर नोकरी जाणार होतीच, पण जालन्यापासून अकोल्यापर्यंतची एकही बियाणं कंपनी तिला पुन्हा दारात उभी करणार नव्हती. घरात कमावणारी ती एकटीच.

"वाचलं."

"सावकाश वाचा. घाई नाई."

तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. कुलदीप तिच्या चेहऱ्याचा रंग बघत होता. मग तिनं टेबलावरच्या वाटीतला एक काजू उचलून खाल्ला, नीट चावून. पुढं दुसरा खाल्ला. कुलदीपनं काचेवर टकटक केली.

"हुसेन, दाब जरा."

"हौ भाऊ."

गाडीनं वेग घेतला. रस्ता सरळ आणि मोकळा असताना हुसेन उगीच एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गाडी घालत राहिला. त्यालाही हे काम सवयीचं झालं होतं. वर्षालीनं तिसरा काजू घेतला.

"तुमाले गाडी लागत नाई वाटते," कुलदीप म्हणाला.

"नाई लागत."

तो हसला नाही. त्याला राग आला होता आणि तो लपवायची त्याला गरज नव्हती.

"सही करा न मंग."

"मी नाई करणार, भाऊ. मी तपासलं तवा बियाणं चांगलं होतं. ते गोदामात मेलं."

"गोदामात कसं मेलं?"

कसं मेलं ते गाडीतल्या तिघांनाही माहीत होतं. मे महिन्यात कुलदीपचा मुक्काम मूर्तिजापूरजवळच्या त्याच्या गावी होता आणि नवी गाडी उन्हात उभी राहत होती. ऊन असं, की चामडं तडकेल अशी त्याला भीती. एवढ्या उंच गाडीला पुरेल असं दार फक्त कंपनीच्या मूर्तिजापूरच्या गोदामाला. त्यानं ते गोदाम सांभाळणाऱ्या नितेशला फोन करून जागा करायला सांगितली. नितेश म्हणाला, जागा नाही, पोत्यांच्या थप्प्या आधीच जेवढ्या उंच चालतात तेवढ्या आहेत. कुलदीप म्हणाला, मग आणखी चढव. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोती जास्त उंच रचली की खालचं बी दबून आतल्या आत मरतं. वरून बघाल तर तसंच टपोरं, पिवळं. वऱ्हाडात हे हमालालाही ठाऊक आहे, कुलदीपलाही होतं. तरी थप्प्या चढल्या आणि गाडी महिनाभर सावलीत राहिली.

नितेशनं त्याच दिवशी वर्षालीला फोन केला होता. लवकर उतरवा, एवढंच ती म्हणाली. पुन्हा तपासणी केली नाही. केली असती तर पोती खाली आली असती, गाडी उन्हात गेली असती, आणि हे कुलदीपला सांगणार कोण?

काल संध्याकाळी मात्र तिनं नितेशला फोनवर शब्द दिला होता, की उद्या मी खरं ते सांगते. नितेश तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तिच्याच चांदूर बाजारचा. तिची नोकरी त्याच्याच शब्दावर लागली होती.

"थप्प्या वाढल्या," ती म्हणाली.

"काहून वाढल्या?"

कुलदीपनं हे अगदी शांतपणे विचारलं. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. रात्रभर तिनं ते घोळवलं होतं: तुमच्या या गाडीसाठी. ते म्हणायला तिनं तोंड उघडलंही. बाहेर एक ट्रक मागं पडला, लहान होत होत दिसेनासा झाला. हे वाक्य बोलल्यावर गाडीतून आपण कुठं उतरू, तिथून घरी कसं जाऊ आणि घरी काय सांगू, ते सगळं तिला एकदम दिसलं.

"जागा कमी होती," ती म्हणाली.

कुलदीप मागं टेकला.

"जागेचं कोन पाहते तिथं?"

"नितेश."

मग कुलदीपनं शेजारची बॅग उचलून पायाशी ठेवली.

"इकडं या, मॅडम. तिकडं ऊन येते."

बाजूच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, ऊन कुठंच नव्हतं. वर्षाली उठली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी बसली. आता रस्ता समोरून येत होता, झाडं येत होती, पाट्या वाचता येत होत्या. तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचा तिला संताप आला आणि तरी बरं वाटतच राहिलं.

कुलदीपनं लॅपटॉप उघडला. तिचं नाव खोडून तिथं नितेशचं लिहिलं.

"थप्पी किती पायजे अन् किती केली, ते तुमीच सांगा. मले त्यातलं कळत नाई."

तिनं सांगितलं. त्यानं टाईप केलं. एका ठिकाणी तो अडला, तेव्हा तिनं वाक्य सुचवलं. ते चांगलं होतं, त्यानं तसंच ठेवलं. प्रिंटरनं करकरत कागद बाहेर टाकला.

मूर्तिजापूरच्या फाट्यावर गाडी थांबली. सुनावणीला बोलावलेला नितेश रस्त्याकडेला उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दार सरकलं तसा त्याला आधी कुलदीप दिसला आणि तो आक्रसला. मग त्याला वर्षाली दिसली आणि त्याचा चेहरा उजळला.

"ताई हायत का. बरं झालं बापा."

तो समोर, पाठमोरा बसला. गाडी लगेच निघाली. त्यानं पिशवीतून ओल्या गोणपाटाच्या दोन गुंडाळ्या काढल्या आणि टेबलावर उलगडल्या. एकीतल्या बियांना पांढरे मोड आले होते. दुसरीतल्या बिया फुगून, बुळबुळीत होऊन पडल्या होत्या.

"हे वरच्या पोत्यातले, हे खालच्या," तो उत्साहानं म्हणाला. "मी घरीच उगवून पाह्यले. सायब लोकाईले दाखवू. म्हंजे बियाणं कंपनीचं खराब नोतं, ताईच्या तपासनीतही काई नोतं. थप्पीनंच मेलं."

"थप्पीनंच मेलं न?" कुलदीपनं विचारलं.

"हौ न भाऊ. हे पाहा."

"बरं केलं आणलं ते. आता हे वाचा."

नितेश कागद वाचायला लागला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. अर्ध्यावर येऊन तो थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"भाऊ, थप्पी तर तुमीच सांगतली होती. गाडी ठेवाले."

"कोनाले सांगतली? कोनासमोर?"

"फोनवर. मले." नितेशनं वर्षालीकडे पाहिलं. "मी त्याच दिवशी ताईले सांगतलं होतं. सांगा न, ताई."

कुलदीपनं मान वळवून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो पडद्याच्या फटीतून बाहेर बघत राहिला. आता त्याला काही करायचं नव्हतं.

"फोन झाला होता, नितेशभाऊ," वर्षाली म्हणाली. "पण थप्पी वाढवा असं मी नव्हतं म्हटलं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. नितेश तिच्याकडे बघत राहिला, अजून काहीतरी येईल म्हणून. आलं नाही.

"तुमी काल म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला.

"पूर्ण वाचून घ्या."

त्यानं मान खाली घातली. हुसेननं पट्टा बदलला, परत बदलला. कुरणखेड मागं पडलं तेव्हा नितेशच्या ओठांचा रंग गेला होता. त्यानं शर्टाचं वरचं बटण उघडलं, आवंढा गिळला, थोड्या वेळानं परत गिळला.

"भाऊ, गाडी थांबवा न जरा."

"मॅडमले विचारा," कुलदीप म्हणाला.

वर्षालीला कुलदीपचा मनापासून तिटकारा आला. त्याच्या गुळगुळीत गालाचा, त्या मोगऱ्याचा, समोरून येणाऱ्या त्या चांगल्या रस्त्याचा. नितेशचाही आला. का आला हा इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कोणी सांगितलं होतं त्याला बिया उगवून बघायला? पेन टेबलावर होतं. तिनं त्याचं टोपण काढलं आणि ते त्याच्यापुढं ठेवलं.

"सही करून घ्या, नितेशभाऊ. मंग थांबू."

नितेशनं एकदाही वर न बघता सही केली. कुलदीपनं कागद उचलून बॅगेत टाकला आणि काचेवर टकटक केली.

"बाजूले घे, हुसेन."

पण उशीर झाला होता. नितेशनं तोंडावर हात दाबला, दाराकडे वळला, आणि दार सरकायच्या आत गालिच्यावर ओकला. थोडं टेबलाखाली गेलं, थोडं खुर्च्यांपर्यंत.

गाडी बोरगाव मंजूच्या अलीकडे, मोकळ्या रानाजवळ उभी राहिली. कुलदीप शिवी हासडून खाली उतरला आणि फोन कानाला लावून लांब गेला. हुसेन जागेवरच बसून राहिला.

"माफ करा, ताई," नितेश म्हणाला. "भाऊची नवी गाडी."

त्यानं गोणपाटावरच्या बिया पिशवीत झटकल्या, दोन्हीतल्या एकत्रच, आणि ते ओलं गोणपाट घेऊन गुडघ्यांवर बसला. आधी दाराजवळचं पुसलं, मग टेबलाखालचं. पुसत पुसत तो तिच्या खुर्चीपर्यंत आला आणि थांबला.

वर्षालीनं पाय वर घेतले.